ओनोचं अक्षर

वारसा-न्यायालयातल्या बाईंनी कागद उजेडात धरला. "टायपिंग देखणं आहे हो! असा समास हल्ली कोण सोडतं?"

ओनो गेल्याच्या दुःखातही वीबकेला बरं वाटलं. उभी नोकरी तिनं एम्डन बंदरातल्या कचेरीत टाइप करण्यात काढली होती.

"पण हे मृत्युपत्र होत नाही," बाई म्हणाल्या. "नोटरीकडे गेला नाहीत ना? मग सगळं स्वतःच्या हातानं लिहावं लागतं, पहिल्या शब्दापासून. खाली नुसती सही असून भागत नाही."

"हात थरथरायचा हो त्याचा."

"थरथरलेलं चाललं असतं."

चाललं असतं. बसमध्ये तेच, घराचं कुलूप उघडतानाही तेच. गेल्या शरदात ओनोनं याच स्वयंपाकघरात, जीभ दातांत धरून, लिहिलं होतं: माझं घर वीबकेला. खाली सहीसुद्धा ठोकली होती.

"हे काय रे, शाईत बुडवून खेकडा चालवलास?" ती हसली होती. "कोर्टातली माणसं वेड्यात काढतील."

"वाचता येतंय की!"

"आण इकडे. मी नीट करते."

तो कागद तिनंच शेगडीत घातला होता.

लग्न केलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण पुन्हा लग्न म्हणजे पहिल्या नवऱ्यामागे मिळणारं पेन्शन बंद. "तुझा फोक्को गेला, तरी आपली शेगडी पेटती ठेवतोय बिचारा," ओनो म्हणायचा, आणि दोघं हसायची. अशीच वर्षं गेली.

रविवारी टामो आला. ओनोच्या बहिणीचा मुलगा, लहानपणापासून तिला मामी म्हणणारा. तिनं खडीसाखरेवर चहा ओतला, कडेनं साय सोडली. टामोनं चमचा घालून ढवळलं. इथं चहा कुणी ढवळत नाही. वीबके काय ते समजली.

"बोल. काय म्हणते गेश्के?"

"आई म्हणते, विकायचं."

"वारस तीच. म्हणणारच. पण स्वतः सांगायला यायचं होतं. तुला कशाला पुढे केलं?"

"मी भांडलो गं तिच्याशी, मामी."

"दिसतंय. कपाला भोक पाडशील."

त्यानं चमचा खाली ठेवला. "ईस्टरपर्यंत राहा म्हणाली. फक्त... तू घर रिकामं करून देशील, असं लेखी हवंय तिला."

वीबकेनं शेगडीकडे पाहिलं. ती पेटवलेली नव्हती.

"टाइप केलेलं चालेल?"

टामोची मान वर होईना. "याला चालतं, मामी. खाली सही केलीस की झालं."

तिनं टाइपरायटरवरचं झाकण काढलं, कागद सरळ बसवला आणि डावीकडे नेहमीचा समास सोडला.