पंगतीतून उठवलेला माणूस

आबासाहेबांच्या मुलीच्या लग्नात बुंदी होती. सोनपेठच्या अलीकडचं आमचं गाव. इथं बुंदीला जात आडवी येत नाही. जात येते ती बसायच्या वेळी. मेंढरं राखणारा रायभान आपल्या अंगदला घेऊन पहिल्याच पंगतीत बसला. वाढप्यानंच हात धरून बसवलं होतं. आबासाहेब फिरत फिरत आले आणि थांबले.

"रायभान, तू हितं? पाव्हण्यांच्या पत्रावळीत लेंड्या पडतील की रे."

पंगत हसली. रायभान हातातल्या घासासकट उठला.

"पुढच्या पंगतीत बसू," पोराला म्हणाला, "बुंदी तीच असती."

पण बसला नाही. घरी जाऊन भाकरी खाल्ली. पंगतीतून उठलेला माणूस परत बसत नाही, ही आमच्याकडची रीत. कायदा नाही, म्हणून पाळली जाते.

त्या दिवसापासून गावानं अंगदचं नाव लेंड्या ठेवलं. त्याच्या वयाच्या बाकी पोरांना पोलिसात जायचं होतं, ड्रायव्हर व्हायचं होतं. ह्याला एकच करायचं होतं: आबासाहेबांना भरल्या पंगतीतून उठवायचं, तोंडात घास असताना.

मग गावात एका संघटनेची जीप आली. दत्तराव नावाचे पुढारी बोनेटवर चढून म्हणाले, "तरुणांनो, उठा. वर्षानुवर्षं बसलेल्यांना उठवा."

सभा संपल्यावर अंगद जवळ गेला. "साहेब, पंगतीतून बी उठवता का?"

"अंगदराव, कुठूनही उठवू. आधी पोरं गोळा करा."

अंगदराव कोण, म्हणून अंगदनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. त्यानं त्याच दिवशी गळ्यात रुमाल बांधला.

ते दिवस विद्यापीठाच्या नावाचे होते. नाव बदला म्हणणारे रस्त्यावर, बदलू नका म्हणणारेही रस्त्यावर. एसटीला जायला जागा नव्हती. अंगद दहावी नापास. विद्यापीठ त्यानं पाहिलं नव्हतं, आणि विद्यापीठानंही त्याला पाहिलं नव्हतं.

"तू नाव बदला म्हन्तूस का बदलू नगा?" कासाबाईनं, त्याच्या आईनं, विचारलं.

"इचारून सांगतो."

"मंग दगड कशापायी मारायलास?"

"माय, त्यो येगळा इषय हाय."

देवगाव फाट्यावर दगड मारताना तो सापडला आणि परभणीच्या तुरुंगात गेला. पोलिसांनी चांगलाच ठोकला, पण ठोकण्याआधी नाव नीट विचारून घेतलं. लेंड्या म्हणाले नाहीत. अंगदला त्याचं बरं वाटलं.

तो सुटला तेव्हा संघटनेनं गावातच सत्कार ठेवला, सत्काराला पंगत ठेवली, आणि पंगतीच्या पहिल्या पानावर आबासाहेब. त्यांच्या गळ्यातही रुमाल.

"हे कसं काय?" अंगदनं दत्तरावांना बाजूला घेतलं.

"आपले झाले ते. तुम्ही आत होता तेव्हाच झाले."

"उठवायचं ठरलं होतं."

"आपल्याच माणसाला कसं उठवायचं? अंगदराव, बुंदीची बादली घ्या. कार्यकर्त्यानं वाढावं."

अंगदनं बादली घेतली. आबासाहेबांना भरपूर वाढलं. त्यांचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत थांबला. मग बादली खाली ठेवली, ताठ उभा राहिला आणि खड्या आवाजात 'जन गण मन' सुरू केलं.

देशासाठी मरायला निघालेली संघटना. बसून राहायची कुणाची बिशाद. सगळ्यांत आधी दत्तरावच उठले. आबासाहेबांचे गुडघे धरलेले. त्यांना दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. गाल फुगलेला, मूठ बुंदीची, पाक कोपरापर्यंत ओघळलेला. अंगद एकेक शब्द सावकाश म्हणत होता. इतकं शांत राष्ट्रगीत आमच्या गावात पुन्हा झालं नाही.

'जय हे' झालं तशी पंगत खाली बसली. आबासाहेबही बसले. खांबाआडची एक पत्रावळ मात्र रिकामी राहिली. कासाबाईनं धुतलेलं धोतर नेसवून, ढकलून रायभानला तिथं आणून बसवलं होतं. अंगदला ते माहीतच नव्हतं. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी रायभान हात धूत होता.

"बापू, बसा की. गानं होतं त्ये."

"कळलं की. शाळंत तू बी म्हनायचास."

"मंग?"

"उठलो न्हाई का एकदा," रायभान धोतराला हात पुसत म्हणाला. "जाऊ दे. बुंदी तीच असती." आणि घरच्या वाटेला लागला.

मागून आबासाहेबांची हाक आली. "अंगदराव, बुंदी आणा की."

सगळ्या गावानं ऐकलं. अंगदनं ऐकलं नाही. तो दत्तरावांपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, आता मोर्चा कुठं हाय?"

"परभणीला. आता कुणाला उठवायचंय?"

"आबासाहेबालाच. बापूला दोनदा उठवलं त्यानं."

"दुसऱ्यांदा तर तुम्हीच उठवलं, अंगदराव."

"म्या कशाला उठवीन," अंगद म्हणाला. "आबासाहेब बसलाच नसता तर म्या गायलो असतो का?"