पन्नास शिट्ट्या उंच

कोरोनाच्या त्या ऑगस्टात शहराच्या उत्तर टोकाला, क्रेगीबर्नमध्ये, माणसं घरात होती आणि रस्त्यावर नुसते मॅगपाय पक्षी येरझाऱ्या घालत होते. सरकारचा हुकूम होता: घरापासून पाच किलोमीटर, दिवसातून एक तास, तोही व्यायामासाठी, मास्क लावून. अकरा वर्षांच्या चिन्मयीला हे नियम पाढ्यांपेक्षा पक्के पाठ होते. कारण आई होती क्लेटनला, आणि क्लेटन पडतं शहराच्या पार पलीकडे, चाळीसेक किलोमीटरवर.

आई, म्हणजे मंजिरी, तिथल्या एका वृद्धाश्रमात नर्स होती. आजार घरी यायला नको म्हणून ती तिकडेच एका खोलीत राहायची आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. पण गेले सहा दिवस तिचा कॅमेरा बंद होता.

"नेट वीक आहे गं," आई म्हणायची.

सहा दिवस? आणि आवाज मात्र खणखणीत? आई आजारी आहे आणि लपवतेय, अशी चिन्मयीची खात्री पटली होती. तिला आईला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. बस्स.

बाबांना सांगून उपयोग नव्हता. दत्तप्रसाद मार्चपासून हेडफोन लावून गराजमध्ये बसले होते आणि कुणी काहीही विचारलं तरी म्हणायचे, "यू आर ऑन म्यूट."

राहिले प्रल्हादआजोबा, आईचे वडील. तीन महिन्यांसाठी सांगलीहून आले आणि विमानं बंद झाल्यावर अडकले. उभा जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलेला. वाफ दिसली नाही की म्हातारा कोमेजायचा. चहाच्या पातेल्यापाशी उभा राहून उसासे टाकायचा.

"पाच किलोमीटर," चिन्मयीचं सगळं ऐकून आजोबा म्हणाले, "कुठल्या दिशेला?"

"एनी डिरेक्शन, आजोबा."

"वरसुद्धा?"

चिन्मयीनं नियमांचं पान दोनदा वाचलं. वर जायला बंदी कुठंच लिहिली नव्हती.

मग आजोबा कामाला लागले. मागच्या अंगणात कपडे वाळवायची लोखंडी छत्री होती, वाऱ्यावर गोल फिरणारी. तिला पत्र्याची पाती ठोकून त्यांनी तिचा पंखा केला. त्याखाली पाच प्रेशर कुकर गोलात बसवले, बार्बेक्यूचा गॅस त्यांना जोडला, तांब्याच्या नळ्या वळवून सगळ्यांची वाफ एका शिट्टीत आणली. बसायला पिवळ्या झाकणाचा कचऱ्याचा डबा, दोन वेळा डेटॉलनं धुतलेला. त्यात सायकलची पेडल.

"पेडल कशाला?"

"व्यायाम दिसायला नको? कायदा म्हणजे कायदा."

पहिल्यांदा आजोबा स्वतःच डब्यात उतरले आणि पोटाशी अडकले. चिन्मयीनं आणि शेजारच्या शैलाकाकूंनी, दीड मीटर अंतर राखून, बागेच्या नळीनं ओढून त्यांना बाहेर काढलं. तेव्हा चिन्मयीच जाणार, हे ठरलं.

"ऐक," आजोबांनी समजावलं, "एक शिट्टी म्हणजे शंभर मीटर. पन्नास मोजायच्या आणि हा दांडा ओढायचा, की यान तिथंच तरंगत राहील. एक्कावन्नावी झाली तर कायदा मोडला, मग मी तुला ओळखत नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी तुझी आई गच्चीवर येते, दहा मिनिटं मास्क काढून बसते. तेवढ्यात बघून घे."

बरोबर त्यांनी आपली दुर्बीण दिली. बॉयलरमधली आग बघायच्या दोन काचा नळीत बसवून केलेली. तिच्यातून क्लेटनची मुंगीसुद्धा दिसेल, असं ते म्हणाले. आजोबा सहसा निम्मंच खोटं बोलत.

रविवारी पावणेदोनला चिन्मयी निघाली. डबा थरथरला, पंखा गरगरला, अंगण खाली गेलं. एक शिट्टी. दोन. तिनं पेडल मारत मोजायला सुरुवात केली. आकाश इतकं शांत होतं, विमान नाही, गाडी नाही, की खालून कुत्र्याचं भुंकणंही नीट ऐकू येत होतं. एकवीस, बावीस. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस... पन्नास! तिनं दांडा ओढला. यान झोके घेत थांबलं.

दक्षिणेला तिनं दुर्बीण लावली. शहराचे काचेचे मनोरे दिसले. त्यांच्या मागे काहीच दिसेना. क्लेटन मनोऱ्यांच्या आड गेलं होतं.

इतक्यात एक मॅगपाय येऊन डब्याच्या काठावर बसला आणि तिच्या मास्ककडे टक लावून बघू लागला.

चिन्मयी चपापली. पाच किलोमीटरवर मॅगपाय? आणि स्वेटरमध्ये घाम कसा येतोय? तिनं कान दिले. खालून आवाज आला: फुस्सऽऽ! हा शैलाकाकूंचा कुकर. त्यांची शिट्टी सर्दी झाल्यासारखीच वाजते. त्यामागून एक चिरका, मग एक भसाडा. रविवार दुपार! अख्ख्या क्रेगीबर्नमध्ये राजमा, छोले आणि वरणभात शिजत होता, आणि तिनं सगळ्या गल्लीच्या शिट्ट्या आपल्या म्हणून मोजल्या होत्या.

"ओह नो, मेट," ती मॅगपायला म्हणाली.

दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. अंदाजानं वर जावं आणि पाच किलोमीटर ओलांडले, तर पकडायला पोलिसांचं हेलिकॉप्टर यायचं. तिनं डोळे मिटले आणि सगळं पुन्हा आठवलं. घराघरातल्या कुकरचा गळा वेगळा असतो. आपली शिट्टी सनईसारखी, लांब. सर्दीवाल्या किती झाल्या? सात. चिरक्या सहा. भसाड्या पाच. म्हणजे अठरा परक्या. अजून अठरा हव्यात.

दांडा सोडला. यान पुन्हा चढू लागलं. आता ती फक्त सनई मोजत होती. मॅगपाय तिसऱ्या शिट्टीला उडून गेला. नवव्या शिट्टीला दात वाजायला लागले. पंधराव्या शिट्टीनंतर कुकर कोरडे खडखडू लागले. पाणी संपलं होतं. पाण्याची बाटली तर पेडल मारताना तिनंच पिऊन टाकली होती. उरला होता थर्मास, आजोबांनी दिलेल्या ताकाचा.

तिनं ताक नळीत ओतलं.

कुकरांनी आधी विचार केला. मग जिऱ्याचा वास सुटला, पांढरे शिंतोडे उडाले, आणि सोळावी शिट्टी वाजली. सतरावी. अठरावी! तिनं दांडा ओढला. दोन वाजून चोवीस मिनिटं.

मनोरे आता पायाखाली होते. पलीकडे क्लेटन, एक सपाट गच्ची, गच्चीवर बाक. बाकावर एक बाई उन्हाकडे तोंड करून मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खात बसली होती, सॉस हनुवटीवर. गाल भरलेले, बाकाखाली पावलं हलताहेत. आजारी? छे! चिन्मयी हसली, आणि मग तिनं दुर्बीण पुन्हा पुसून लावली.

आईची वेणी नव्हती. कमरेपर्यंतची जाड वेणी गेली होती, आणि डोक्यावर आखूड, उभे केस होते.

कॅमेरा का बंद होता, हे तिच्या लक्षात आलं. आईची आई लवकर वारली. लहानपणापासून आईची वेणी आजोबाच घालायचे, बॉयलरवरून आल्यावर काळे हात धुऊन. दिवसभर पीपीईच्या टोपीखाली ती वेणी कशी मावणार? पण हे आजोबांना सांगायचं कुणी?

ती हळूहळू उतरली. अंगणात आजोबा गॅस बंद करायच्या निमित्तानं पाठमोरे उभे होते.

"दिसली?"

"दिसली. मस्त आहे. मीट-पाय खात होती."

"मग तुझं तोंड का असं?"

दुर्बीण धूसर होती, असं सांगता आलं असतं. चिन्मयीनं क्षणभर तसा विचार केलाही.

"आजोबा, आईनं केस कापलेत. खूप. माझ्यापेक्षा आखूड."

आजोबांनी कुकरची झाकणं एकेक काढून उलटी ठेवली.

संध्याकाळी फोन आला. पडदा काळा. "नेट वीक आहे गं," आईनं सुरू केलं.

"कॅमेरा लाव," आजोबा म्हणाले. "पोरीनं बघितलंय."

मग पडदा उजळला. आई खाली मान घालून बसली होती. आजोबांनी चष्मा चढवला, फोन नाकाजवळ नेला.

"वळ बघू जरा," ते म्हणाले.

आई वळली.

"मागून वाकडे कापलेत," आजोबा म्हणाले. "कात्री धरायला कुणी शिकवलं तुला?"