सुताराच्या वावरातली माती

"बांध काढायचे म्हणजे काढायचे," माझ्या नवऱ्यानं बापाला सांगून टाकलं. "ट्रॅक्टर वळत नाही तिथं. निम्मा दिवस मागंपुढं करण्यातच जातो."

मामंजींनी चहाची बशी खाली ठेवली. "उताराचं रान आहे, बाबा. बांध आहेत म्हणून माती आहे."

"तुमचं आपलं तेच ते, आबा."

सात दगडी बांध होते. मामंजी आणि सासूबाईंनी वर्षाला एक असे रचलेले. सासूबाई डोक्यावरून दगड वाहायच्या. सातवा पुरा झाला आणि त्याच वर्षी त्या गेल्या.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, राहू द्या की."

"तू यात पडू नकोस."

मी पडले नाही. ते अजून सलतं.

सकाळी बुलडोझर आला आणि जेवणवेळेपर्यंत सगळं सपाट. मामंजी घराबाहेर आले नाहीत.

पेरणी झाली, पीक वीतभर वर आलं. मग एका दुपारी दोन तास आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. उघडीप झाल्यावर रानात गेलो, तर वरच्या अंगाला नुसता मुरूम उघडा पडलेला आणि मधोमध कमरेएवढी घळ. नवरा चिखलातच मटकन बसला.

"आबा, चुकलं माझं."

मामंजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. घळीच्या कडेकडेनं खाली चालत गेले.

आमच्या खाली सुताराचं वावर. तिथं आमची काळी माती पसरलेली, तिच्यात आमचीच रोपं आडवी. मामंजींनी मूठभर उचलली, बोटांत चुरली.

सुतार कानकोंडा झाला. "आबा, मी तरी काय करू? लागेल तेवढी घेऊन जा."

"किती पाट्या नेणार? राहू दे तुझ्याकडं. पण तुझ्याही खालच्या अंगाला बांध नाही. पुढच्या पावसात ओढ्यात जाईल ती."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामंजी पहार घेऊन सुताराच्या वावरात उभे. सुतार नको नको म्हणत राहिला. नवरा मान खाली घालून दगड आणू लागला, मीही पाटी घेतली.

दिवसभरात मामंजी एकदाच बोलले.

"दगड नीट बसव," ते लेकाला म्हणाले. "वर परत यायची नाही आता ती. इथं तरी राहू दे."

मग पुढचा दगड उचलायला वाकले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.