दौलतरावांचं डॅमेज

तुम्ही, पीएचडी समितीतले सगळे, खोटं बोललात. सुरभीने आकडे मनानेच लिहिले, असं कागदावर ठोकून दिलंत. तिच्या गाळाच्या काचपट्ट्या डोळ्यांनी तरी पाहिल्यात का? वर अट घातलीत, कोणती पट्टी किती जुन्या गाळाची हे ठाऊक नसलेल्या, नात्याबाहेरच्या माणसाने पुन्हा मोजावं, नाहीतर पीएचडी विसरा.

सुरभीने अन्नपूर्णा वस्तीतल्या शेजारच्या दौलतरावांना गाठलं. मिलमध्ये तीस वर्षं कापडाची थानं तपासलेली नजर! काम सोपं नव्हतं. अरबी समुद्राच्या तळचा गाळ, त्यात सूक्ष्म जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचं, आणि त्यातली एकच फुगीर जात निवडायची. पावसाळी वारा जोरात असला की खालचं थंड पाणी वर येतं आणि ही जात माजते. म्हणून ती मोजली की हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस कळतो.

दौलतराव आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला चिकटले. शेवटी म्हणाले, "सात नंबरची पट्टी, एकाहत्तर."

सुरभीने वही पुन्हा उघडली. तिचे एकशे बारा होते. म्हणजे तुम्हीच बरोबर होतात?

"काका, नीट बघितलं ना?"

"अरे यार, मिलमध्ये माझ्या हातून एक थान चुकलं नाही! और ये डॅमेज कहाँ रखूँ? प्रत्येक पट्टीची वेगळी डबी केलीय."

"डॅमेज?"

"तुटकी. ती कोण मोजतं? पण टाकायची नाहीत, मिलचा नियम."

सुरभीने कपाळावर हात मारला. "काका, अर्ध्याहून जास्त शाबूत असलं तर मोजायचं असतं."

"मग आधी बोलायचं ना, बेटा! मला काय सपना येतं?"

"मीच विसरले."

ती डबीकडे झेपावली, तर दौलतरावांनी तिचा हात झटकला. "तू दूर बस. मीच मोजणार, नाहीतर ते समितीवाले पुन्हा बोंब मारतील."

ती पायरीवर नखं खात बसली. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "एकोणचाळीस!"

एकाहत्तर अन् एकोणचाळीस, एकशे दहा; तिच्याहून फक्त दोन कमी. म्हणजे सात नंबरच्या काळात, आठ हजार वर्षांपूर्वी, धो-धो पाऊस होताच! संध्याकाळपर्यंत बाकीच्या पट्ट्याही जुळल्या. "अरे भिया, जमलं काका!" म्हणत सुरभीने दौलतरावांना अंगणभर गरगर फिरवलं. "सोड, कंबर मोडेल!" म्हणत तेही खिदळत फिरले.

मग तिने हसतच तुम्हाला लिहिलं: दोन्ही मोजण्या सोबत आहेत. सोमवारी बाराला मी तुमच्या दारात उभी असेन. माझे आकडे मनाचे, हे तुमच्यापैकी कुणी ठरवलं आणि कशावरून? नावासकट उत्तर द्या.