विस्तवाची जागा

सोनाळ्यात माझी आणि शेजारच्या फकीर मोहम्मदची भिंत एकच. ती खचली तेव्हा अख्खं गाव अक्कल शिकवायला जमलं. "जाड बांध बे, पंजाबराव!" "बुलढाण्याच्या साहेबाच्या बंगल्यासारखी भाजकी ईट लाव!" आम्ही दोघांनी सगळ्यांचं ऐकलं, फक्त घरात विचारलं नाही. भिंत अशी झाली की पलीकडचा खोकलाही ऐकू येईना.

सकाळी बायको थंड चुलीपुढून कडाडली, "जुन्या भिंतीत भोक होतं. तिथूनच पलीकडची अख्तरीभाभी मले विस्तव देये, कधी मी तिले. आता चूल काय तुमच्या डोक्यावर पेटवू?"

तिनं पहार उचलली. मी आडवा गेलो, तेवढ्यात भिंतीच्या पलीकडूनही पहारीचे घाव ऐकू आले.