चंद्रोची साखळी

विक्रांत माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय, हे आधीच सांगून ठेवते.

१९९७चा जून संपत आला होता. दिल्लीत पाऊस नव्हता, नुसती उमस होती. विक्रांतने परदेशी कंपनीतली नोकरी सोडून गुडगावात, नव्या सोसायट्यांच्या पाठीमागे, तीस मुऱ्हा म्हशींचा गोठा घातला होता. मी सरकारी पशुवैद्य. दर रविवारी जाऊन म्हशी तपासायचे आणि त्याला चार शब्द सुनवायचे.

म्हशीला घाम फारसा येत नाही. काळं कातडं ऊन पितं, म्हणून उन्हाळ्यात तिला डुंबायला पाणी लागतंच. धरमपाल, गोठ्यावरचा जुना गडी, रोज अकराला सगळ्यांना गावतळ्यावर न्यायचा. पुढे चंद्रो, मागे बाकीच्या. चंद्रो निघाल्याशिवाय एकही म्हैस पाऊल उचलत नसे. मग सोसायटीतल्या एका बाईंनी चिखलात बसलेल्या म्हशी पाहिल्या आणि नाक मुरडलं. झालं! विक्रांतने तळं बंद केलं. गोठ्याला काचेच्या खिडक्या लावल्या, माश्या नकोत म्हणून त्या घट्ट मिटल्या आणि आत चार कूलर बसवले. त्या रविवारी बारा वाजता दुधाची ऑर्डर ठरवायला सोसायटीची कमिटी गोठा बघायला येणार होती.

मी साडेअकराला पोचले. दार ढकललं तर तोंडावर वाफ आली. आम्ही सरकारी क्वार्टरात वाढलो. कूलर लावला की त्याची दमट हवा बाहेर जावी म्हणून बाबा समोरची खिडकी उघडायचे, नाहीतर खोलीची भट्टी होते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हा तीन वर्षं एसी ऑफिसात बसला आणि सगळं विसरला.

दोन म्हशी मरून पडल्या होत्या. बाकीच्यांच्या जिभा लोंबत होत्या, लाळ जमिनीपर्यंत आली होती.

"सगळ्या बाहेर काढ! तळ्यावर ने!" मी दाराशी उभ्या विक्रांतवर ओरडले.

"ताई, यार, फक्त अर्धा तास. कमिटी निघालीय. चिखलातल्या म्हशी बघितल्या तर ऑर्डर गेलीच समज."

"अर्ध्या तासात दहा मरतील."

"तू प्लीज ड्रामा नको करू."

मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. मग बादली उचलून खिडकीवर घातली. काचा माझ्याच हातात घुसल्या. धरमपाल भराभर साखळ्या सोडत सुटला. सुटलेल्या म्हशी जिवाच्या आकांताने चंद्रोविनाच दाराकडे वळल्या, आणि दारात विक्रांत लोखंडी पाइप घेऊन उभा राहिला.

त्याने पहिलीच्या नाकाडावर पाइप हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती कोसळली. मागच्या बिथरून उलट्या फिरल्या, एकमेकींवर चढल्या, पडलेलीला तुडवत राहिल्या. त्या रेट्यात धरमपाल गव्हाणीला चेपला गेला.

"चंद्रो को छोडो, डाक्टरनी जी!" तो ओरडला. "अब उसके बिना ना हिलेंगी!" त्याच्या तोंडातून रक्त येत होतं.

चंद्रो दाराशीच बांधलेली होती, विक्रांतच्या समोर. तिचाही एक डोळा त्याने फोडला होता. मी तिच्या साखळीचा आकडा पकडला. मुऱ्हा शिंगांनी भोसकत नाही. ती कपाळाने रेटते, आणि रेटायला लागली की थांबत नाही. मला हे माहीत होतं. तीस वर्षांच्या त्या मूर्खाला माहीत नव्हतं.

"विक्रांत, हट!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. "तू नाही सोडणार," तो म्हणाला आणि पुन्हा पाइप उगारला.

मी आकडा काढला.

चंद्रोने त्याला दारासकट नेलं. मागून बाकीच्या गेल्या, सगळ्या त्याच्यावरून. पहिल्या तीन म्हशींपर्यंत त्याची किंकाळी ऐकू आली, पुढे नाही. मी गव्हाणीपाशी धरमपालला सावरत ती ऐकली. अजूनही ऐकते.

धरमपालच्या तीन बरगड्या मोडल्या. पाच म्हशी मेल्या. बाकीच्या संध्याकाळपर्यंत तळ्यात नाकं वर करून बसल्या होत्या. विक्रांतचा खुबा आणि दोन्ही पाय मोडले. डॉक्टर म्हणाले, काठीशिवाय चालणार नाही.

चौथ्या दिवशी आई पुण्याहून आली. मी थर्मासमध्ये चहा घेऊन खाटेपाशी उभी होते.

"साखळी तुटली म्हणे?" तिने विचारलं.

विक्रांतने माझ्याकडे पाहिलं नाही. "हो. गंजली होती, आई."

चार दिवस त्याने सगळ्यांना हेच सांगितलं होतं. माझ्यासाठी. मला रडू फुटलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढं काही मला जमलं नाही.

"साखळी नवी होती, आई. मी सोडली."

आईने माझ्या हातातला थर्मास काढून घेतला आणि त्याच्यासाठी एकच कप चहा ओतला.