सहा नंबरचं बीळ

वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेतल्या योगिनीने शहापूर ते मुरबाड अशा खेपा घालून दोन वर्षांत माणसं जोडली. पक्षी मोजणारी नेहा, मुरबाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे स्वरूप सर, शिवाय रानाची आवड असलेली हौशी मंडळी. प्रत्येकाची वही वेगळी, आणि ती दुसऱ्याला दाखवायला कुणी राजी नाही. "सगळ्यांच्या नोंदी एका ऑनलाइन नकाशावर आल्या, तर कुठला पट्टा वाचवायचा ते ठामपणे सांगता येईल," हे ती ज्याच्या त्याच्या ओटीवर बसून सांगत राहिली. अखेर एकोणीस जण तयार झाले.

खवले मांजरांची बिळं मात्र एकट्या गुणाबाईला ठाऊक होती. टोकावड्याच्या वर डोंगरात तिची नाचणी असे. कंद खणत तिने सारं रान पालथं घातलेलं. योगिनीवर जीव जडला म्हणून तिने एकेक करत अकरा बिळं दाखवली.

स्वरूप सरांनी तेव्हाच हटकलं होतं. "नेमकी जागा टाकू नका. गावाचं नाव पुरे. या खवल्यांना गिऱ्हाईक आहे."

"आपलीच माणसं आहेत, सर. आणि मोघम माहिती कोण ऐकून घेणार?"

योगिनीने अकराही बिळं एक ते अकरा आकडे घालून नकाशावर टाकली.

म्हसा गावची जत्रा आटोपल्यावर आठवड्याभरात गुणाबाईचा फोन आला. "बाय, वढ्याकडचं बीळ कुनी खणलंय. फावड्यानं. आत काय नाय."

चार दिवसांनी दुसरं गेलं. मग करवंदीच्या जाळीतलं तिसरं. चौथ्याची खबर आली तेव्हा योगिनी ऑफिसात नकाशा उघडून बसली होती. ओढ्याकडचं बीळ, नंबर एक. जाळीतलं, नंबर तीन. तिने तारखा पुन्हा लावून पाहिल्या. खणणारा रान शोधत नव्हता. तो यादी वाचत होता.

तिने नकाशा तिथल्या तिथे बंद केला, पण सात जणांनी तो आधीच आपापल्या फोनवर उतरवून घेतला होता. एकेकाला फोन केला. सगळे हादरले. एक जण तर रडला, आणि त्या रडण्याचाही तिला संशय आला.

वनखात्याला कळवून दुसऱ्या दिवशी ती आणि स्वरूप सर डोंगरात गेले. गुणाबाई कोयता कमरेला अडकवून वाट दाखवत पुढे चालली. पाचव्या बिळाशी उकरलेली माती ओली होती. तोंडाशी धूर केल्याची राख पडली होती, अजून कोमट. सरांनी वाकून राखेवर हात धरला. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं योगिनीला वाटलं.

सहावं शाबूत होतं. तिघं जवळच्या दगडांवर बसून राहिली. उन्हं कलायला लागली तेव्हा खालून दोघे जण आले. हातातल्या फोनवर नजर ठेवून, इकडेतिकडे न बघता, सरळ बिळाच्या रोखाने. गुणाबाई उठली.

"कंच्या गावचं रे तुमी?"

पुढचा दचकला नाही. त्याने योगिनीकडे पाहिलं. ती त्याला ओळखत नव्हती, पण तो ओळखीचं हसला.

"मॅडम, सहा नंबर हेच ना?"

गुणाबाईने कोयता उपसला तसे दोघे मागे सरले आणि घाई न करता उतरून गेले. सरांनी वरून त्यांच्या मोटारसायकलचा फोटो काढला. वनखात्याने शोध घेतला. गाडीचा नंबर खोटा निघाला. त्यानंतर वनखात्याच्या गार्डची फेरी सुरू झाली म्हणून सहावं बीळ टिकलं, एवढंच.

महिन्याने योगिनी गुणाबाईच्या खळ्यावर गेली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. आकडे आपणच घातले होते, हेही.

"किती लोकांकडं हाय ती यादी?"

"माहीत नाही, मावशी. आता माहीत नाही."

गुणाबाईने सुपातली नाचणी पाखडायला घेतली.

"सातव्यापासनं पुढची शाबूत आहेत का, बघायला येऊ का तुझ्याबरोबर?" योगिनीने विचारलं.

"तुला कशाला गो आता ती?" गुणाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता.

योगिनी डोंगर उतरून एसटीसाठी रस्त्यावर आली, तेव्हा फोन वाजला. गटातलाच एक जण होता.

"ताई, सहज विचारतोय," तो गोड आवाजात म्हणाला, "नकाशा परत कधी उघडताय?"